एका मिनिटात शब्द सांगा: मेंदू, भाषा आणि शब्दांच्या चाचणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते. पॅरालिसिसनंतर बोलणं गेलेली माणसं, हल्ली फार विसरायला लागलेले आजी-आजोबा आणि त्यांना घेऊन येणारी मुलं-सुना रोज समोर असतात. 'एका मिनिटात जमतील तेवढे शब्द सांगा' ही चाचणी झाली की घरी गेल्यावर प्रश्न उठतात आणि मग फोन येतात. इचलकरंजी, कागल, गडहिंग्लज, चंदगड, निपाणी, कुठूनही फोन आला तरी प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून ते इथं एकत्र केले. निदान मात्र तुमच्या माणसाला समोर बसवून तपासणारे डॉक्टरच करतील.

१. ही चाचणी नेमकी असते काय?

दोन प्रकार आहेत. पहिल्यात एक अक्षर देतात आणि त्यावरून सुरू होणारे शब्द सांगायचे असतात. माणसांची आणि गावांची नावं चालत नाहीत. दुसऱ्यात एक गट देतात, बहुतेक वेळा प्राणी, कधी भाज्या किंवा फळं. वेळ ६० सेकंद. लहानपणी वहीत रकाने आखून आपण नाव-गाव-फळ-फूल खेळायचो, त्यात अक्षर आणि गट या दोन्ही अटी एकदम असत. चाचणीत त्या वेगळ्या केल्या आहेत, कारण दोन्हींसाठी मेंदूवर पडणारा भार सारखा नसतो (प्रश्न २). अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ थर्स्टन यांनी १९३८ च्या सुमारास अशी चाचणी लेखी स्वरूपात वापरली. पुढे आर्थर बेंटन यांच्या कामातून ती तोंडी झाली आणि दवाखान्यांत रुळली. इंग्रजीत एफ, ए आणि एस ही अक्षरं नेहमीची.

२. शब्द तर आपोआप येतात. त्यात मेंदूला एवढं काम कसलं?

घड्याळ लावून 'भाज्या' म्हणून बघा. वांगं, भेंडी, दोडका, कारलं अशी एक माळ भराभर येते आणि मग माणूस थांबतो. वर छताकडे बघतो. मग मेथी, पोकळा, शेपू, चाकवत. पुन्हा थांबतो. मग बटाटा, रताळं, बीट. एका माळेतले शब्द भराभर येतात, माळ बदलताना वेळ जातो. टोरांटोच्या ट्रॉयर, मॉस्कोविच आणि विनोकर यांनी १९९७ मध्ये याच दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या: माळ किती लांब आणि माळ किती वेळा बदलली.

माळ बदलायला मेंदूचा पुढचा भाग लागतो, कपाळामागचा. सांगून झालेले शब्द लक्षात ठेवणं, चुकीचा शब्द ओठांवर येण्याआधी अडवणं, 'आता पालेभाज्यांकडे वळू' हे ठरवणं, ही सगळी त्याची कामं. शब्दांचा आणि त्यांच्या अर्थांचा साठा मुख्यतः कानामागच्या बाजूला, टेम्पोरल भागात. डाव्या कपाळाच्या खालच्या बाजूला ब्रोका क्षेत्र आहे. १८६१ मध्ये पॅरिसचे डॉक्टर पॉल ब्रोका यांनी 'टॅन' एवढंच बोलू शकणाऱ्या एका रुग्णाच्या मेंदूत तिथं इजा पाहिली, त्यावरून हे नाव पडलं. अक्षरावरून शब्द शोधताना हा भाग विशेष राबतो, कारण अक्षर हा शब्द शोधण्याचा रोजचा रस्ता नाही. बाजारात आपण 'भाजी' म्हणून आठवतो, 'भ' म्हणून नाही.

म्हणून टेम्पोरल भागाला इजा झाली की गटाचे शब्द जास्त घटतात. पुढच्या भागाला इजा झाली की दोन्ही प्रकार अडखळतात.

३. मेंदूत हे चाललंय हे दिसतं कसं? एमआरआयने अपाय होतो का?

मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे ऑक्सिजन असलेलं रक्त जास्त वाहतं. जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवलं की रक्तातला हा फरक एमआरआयच्या चुंबकाला कळतो. त्यातून फंक्शनल एमआरआय आला. शब्द सुचल्यानंतर रक्ताची लाट शिगेला पोचायला पाचएक सेकंद लागतात, म्हणून स्कॅनमध्ये 'आता शब्द, आता विश्रांती' असे तुकडे पाडतात. यात क्ष-किरण नाहीत. आवाज मात्र मोठा असतो. मंगळसूत्र, जोडवी, पैंजण, सगळं काढून ठेवावं लागतं आणि पेसमेकर असेल तर तो आधीच सांगायचा. बोलताना डोकं हलतं आणि चित्र बिघडतं, म्हणून बऱ्याचदा शब्द मनातल्या मनात म्हणायला सांगतात.

त्याआधी पेट स्कॅन वापरत, म्हणजे शरीरात किंचित किरणोत्सारी द्रव्य सोडून घेतलेलं चित्र. सेंट लुईसच्या पीटरसन, पॉस्नर, रेकल वगैरेंनी १९८८ मध्ये माणसांना नाम दाखवून त्याला जुळणारं क्रियापद सांगायला लावलं. आपल्याकडे 'कात्री' म्हटल्यावर 'कापणे', 'चूल' म्हटल्यावर 'पेटवणे' म्हणू, तसं. नुसतं नाम वाचताना दिसलेलं काम त्यातून वजा केलं. तेव्हा डाव्या कपाळाचा भाग उजळला आणि त्याच्या जोडीला डोक्याच्या मागे खाली असलेल्या छोट्या मेंदूचा उजवा भागही उजळला. मेंदूच्या तारा एकमेकींना ओलांडून जातात, म्हणून डाव्याला उजव्याची साथ.

तिसरी पद्धत कपाळावर पट्टा बांधून अवरक्त प्रकाश सोडायची. जपानमध्ये ती शब्दांच्या चाचणीबरोबरच वापरतात. ६० सेकंदांत तीन अक्षरं, प्रत्येकी २० सेकंद. नैराश्याच्या निदानाला मदत म्हणून ही तपासणी तिथं २०१४ पासून आरोग्य विम्यात धरली जाते.

४. मराठी माणसाचा मेंदू आणि चिनी किंवा इंग्रज माणसाचा मेंदू शब्द शोधताना वेगळ्या जागी काम करतो का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. मुख्य रस्ता एकच आहे.

सिंगापूरमध्ये चिनी आणि इंग्रजी दोन्ही जाणणाऱ्या लोकांना मायकेल ची आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दोन्ही भाषांत संकेतावरून शब्द तयार करायला लावले. चिनी लिपी आणि इंग्रजी लिपी यांत मोडी आणि रोमनपेक्षाही मोठं अंतर आहे. तरी कपाळाचे, टेम्पोरलचे उजळलेले भाग जवळपास तेच निघाले. दुसरी भाषा सहा वर्षांच्या आत शिकलेले आणि बारानंतर शिकलेले, दोघांचंही चित्र तसंच. माँट्रियलमध्ये डेनिस क्लाइन यांच्या गटाने १९९५ मध्ये इंग्रजी-फ्रेंच बोलणाऱ्यांना यमक, समानार्थी शब्द आणि भाषांतर सांगायला लावलं, तिथंही डाव्या कपाळाचा भाग दोन्ही भाषांना सामाईक होता.

अलीकडचं मोठं काम अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेचं, २०२२ मधलं. १२ भाषाकुळांतल्या ४५ भाषा बोलणाऱ्यांना आपापल्या मातृभाषेत गोष्ट ऐकवली. ते ऐकण्याचं काम होतं, शब्द शोधण्याचं नव्हतं, हे ध्यानात ठेवा. पण कपाळ आणि टेम्पोरल भागांचं डाव्या बाजूचं जाळं प्रत्येक भाषेत सापडलं.

मला या निकालांचं फार अप्रूप वाटतं. पंचगंगेकाठची एखादी आजी आणि बीजिंगचे एखादे आजोबा 'प्राणी' म्हटल्यावर मेंदूतल्या त्याच गल्लीतून चालत जातात.

५. आम्ही घरात कन्नड, बाहेर मराठी, नोकरीत इंग्रजी बोलतो. मग तिन्हींचे कप्पे वेगळे का?

वेगळे कप्पे असं म्हणता येत नाही. फरक पडतो तो कष्टात. बार्सिलोनातल्या स्पॅनिश-कातालान लोकांवर पेरानी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हीच अक्षराची चाचणी स्कॅनमध्ये घेतली. सगळ्यांना दोन्ही भाषा लहानपणापासून उत्तम येत होत्या. तरी आधी शिकलेल्या भाषेत शब्द शोधताना मेंदूचा कमी भाग लागला आणि ज्या भाषेशी रोजचा संबंध कमी, तिच्यासाठी जास्त. रोजची वाट मळलेली असते, तिथं पाय अडखळत नाही.

१९९७ मध्ये किम आणि हिर्श यांच्या गटाने 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापलेल्या अभ्यासात मोठेपणी भाषा शिकलेल्यांच्या ब्रोका क्षेत्रात दोन भाषांच्या जागा शेजारी पण वेगळ्या दिसल्या होत्या. तो निकाल अजूनही सांगितला जातो. मात्र त्यात मनात वाक्यं जुळवायची होती, सुटे शब्द शोधायचे नव्हते. शब्दांपुरतं पाहिलं तर सामाईक जागेचा पुरावा मला जास्त भक्कम वाटतो.

६. दोन-तीन भाषांमुळे शब्द कमी येतात असं ऐकलं. मग मुलांशी एकच भाषा बोलावी का?

घरची भाषा सोडू नका. दोन भाषा बोलणाऱ्यांना गटाच्या चाचणीत एका भाषेत थोडे कमी शब्द येतात हे खरं, कारण प्रत्येक शब्दाचा वापर दोन भाषांत वाटला जातो आणि दुसऱ्या भाषेतला शब्द मध्ये येऊ पाहतो. पण सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हैदराबादच्या ६४८ डिमेन्शिया (स्मृती आणि विचारशक्ती हळूहळू जाण्याचा आजार) रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला. कधीच शाळेत न गेलेल्यांतही हा फरक होता.

७. रस्ता एकच आहे, तर वेगवेगळ्या भाषांतल्या लोकांचे आकडे वेगळे का येतात?

शब्दाची लांबी हे एक सरळ कारण. केम्पलर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अमेरिकेत राहणाऱ्या वेगवेगळ्या समाजांना प्राणी विचारले. व्हिएतनामी बोलणाऱ्यांनी सगळ्यात जास्त सांगितले, स्पॅनिश बोलणाऱ्यांनी सगळ्यात कमी. व्हिएतनामीत प्राण्यांची नावं बहुतेक एकाच उच्चार-तुकड्याची, स्पॅनिशमध्ये दोन-तीन-चार तुकड्यांची. ६० सेकंद दोघांना सारखेच, पण एकाचं तोंड लवकर मोकळं होतं. बाकी कारणं म्हणजे लिपी (प्रश्न ८) आणि शाळा (प्रश्न ९).

८. मराठीत 'क'वरून म्हणजे फक्त क, की का, कि, की, कु सगळं? आणि 'क्ष'?

इंग्रजी चाचणी जशीच्या तशी उचलली की घोळ होतो तो इथंच. आपलं अक्षर म्हणजे व्यंजन आणि स्वर एकत्र. बाराखडी पाठ असलेल्या माणसाला 'क' म्हटलं की कमळ, कप, कणीस एवढंच घ्यायचं की काकडी, किल्ली, कुदळ, कोयता हेही, असा प्रश्न पडणारच. मी सुरुवातीलाच सांगते, पूर्ण बाराखडी चालेल. 'क्रम' चालतो, 'क्षमा' घेत नाही, कारण शाळेत क्ष वेगळा शिकवतात. नियम कुठलाही ठेवा, पण तो आधी सांगा आणि पुढच्या वेळीही तोच ठेवा. मागच्या वेळी बाराखडी धरली आणि सहा महिन्यांनी नाही धरली, तर आकडा पडल्यासारखा दिसतो आणि घर घाबरतं.

अक्षर कोणतं निवडायचं यातही मेख आहे. 'अ' मी टाळते. अशक्य, असत्य, अयोग्य, अमान्य असं कुठल्याही शब्दाला 'अ' लावत शिकलेला माणूस मिनिटभर सहज चालतो. त्यात शोध कमी, व्याकरण जास्त. 'ळ'वरून शब्दच सुरू होत नाही, भेंड्या खेळणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे. 'च' आणि 'ज' तर आणखी अवघड, कारण लिहायला एक आणि उच्चाराला दोन. चूल, चमचा, चाक यांतला च आणि चहा, चार, चंद्र यांतला च कानाला वेगळे. वाचता येणारा माणूस दोन्ही सांगतो. कानावर चालणारा एकाच बाजूला अडकतो आणि मग त्याचे शब्द उगाच कमी भरतात. म्हणून साधी, भरपूर शब्दांची अक्षरं घ्यावीत. मी क, प, म घेते.

एकाच धातूची रूपं एकदाच मोजतात: करणे, करवणे, करणारा मिळून एक. चिनीत तर मुळाक्षरांची मालिकाच नाही, तिथं अक्षराच्या चाचणीऐवजी गटाची चाचणी जास्त सोयीची पडते.

९. आई शाळेत गेली नाही. तिला 'प'वरून शब्द सांगा म्हटलं तर ती गप्प बसली. मेंदू बिघडलाय का?

तेवढ्यावरून असं अजिबात म्हणता येत नाही. शब्दाचा पहिला आवाज सुटा करून धरणं ही वाचायला शिकताना येणारी सवय आहे. हरियाणातल्या बल्लभगडच्या हिंदी बोलणाऱ्या लोकांवरचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. अक्षराच्या चाचणीवर शिक्षणाचा परिणाम जास्त आणि गटाच्या चाचणीवर कमी, असं त्यात दिसलं. त्याच वर्षी पोर्तुगालच्या कास्त्रो-काल्दास यांनी पेट स्कॅनमध्ये दाखवलं की निरर्थक शब्द नुसते ऐकून पुन्हा म्हणतानाही निरक्षर आणि साक्षर बायकांचे मेंदू वेगळ्या तऱ्हेने काम करतात. अक्षरओळख मेंदूची ऐकण्याची रीत बदलते. तुमच्या आईला भाज्या विचारा, देवळं विचारा, साड्यांचे प्रकार विचारा.

१०. चाचणी कुठल्या भाषेत द्यावी?

ज्या भाषेत तुम्ही मनातल्या मनात पैसे मोजता त्या भाषेत.

गेल्या पावसाळ्यात गडहिंग्लजकडच्या एक आजी आल्या. बाहेर कुठंतरी त्यांची तपासणी आधीच झाली होती आणि कागदावर 'शब्द फार कमी' असा शेरा होता. मीही मराठीतच प्राणी विचारले. गाय, म्हैस, बैल, कुत्रं, मांजर, वाघ. सहा. मग पदराची कड बोटाला गुंडाळत गप्प बसल्या. सून हळूच म्हणाली, "मॅडम, माहेरची भाषा कन्नड आहे त्यांची. कन्नडात विचारा की." दोन दिवसांनी सुनेला शेजारी बसवून पुन्हा विचारलं. आकळू, एम्मी, नायी, बेक्कू, कुरी, आडू, कोळी... पदर सुटला, बोटं मांडीवर मोजायला लागली. चौदा झाले तरी घड्याळ संपलं नव्हतं. मी फक्त मराठीतच विचारून थांबले असते, तर त्या बाईंच्या कागदावर दुसराही चुकीचा शेरा पडला असता.

दोन भाषा मिसळून बोलत असाल तर तसं आधी सांगा. काही ठिकाणी दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजतात, काही ठिकाणी नाही. टेबल, कप, पेन हे आता मराठीच शब्द आहेत, मी ते मोजते.

११. बाबांनी म्हैस, रेडा, रेडकू, पारडी असं चार वेळा म्हशीचंच सांगितलं. गुण चार की एक?

नियम चाचणीनुसार बदलतो, म्हणून तपासणाऱ्यांना विचारा. माझं मत असं की ज्याने जन्मभर गोठा सांभाळला त्याच्यासाठी ही खरंच चार जनावरं आहेत. मी चारही लिहून ठेवते, गुण नियमाने देते आणि शेजारी टीप टाकते. राधानगरीकडचा माणूस 'गवा' पहिल्या पाचात सांगतो, शहरातला मुलगा 'झेब्रा' सांगतो. यादी वाचली की माणूस कुठं वाढला ते कळतं.

१२. शब्द कमी आले म्हणजे अल्झायमर का?

एका आकड्यावरून कुणीही ते सांगू नये. झोप, ताप, ऐकू कमी येणं, नैराश्य, थायरॉइड, गोळ्या, परीक्षेची भीती, सगळ्यांनी आकडा खाली येतो. अल्झायमरमध्ये सुरुवातीला गटाचे शब्द अक्षराच्या शब्दांपेक्षा जास्त घटतात, कारण अर्थाचा साठाच विरत जातो. शब्द 'जिभेवर आहे' म्हणून थोड्या वेळाने आठवणं हे वेगळं आणि पातेल्याला पातेलं म्हणता न येणं हे वेगळं. दुसरं दिसत असेल तर न्यूरॉलॉजिस्टकडे जायला उशीर करू नका.

१३. मी डावखुरा आहे. माझी भाषा उजव्या बाजूला असेल का?

बहुधा नाही. जर्मनीत क्नेख्त आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ३२६ निरोगी माणसांना शब्द शोधायला लावून डोक्याच्या रक्तवाहिन्यांतला वेग सोनोग्राफीसारख्या यंत्राने मोजला. भाषा उजव्या बाजूला असणारे पक्क्या उजखोऱ्यांत सुमारे ४ टक्के, पक्क्या डावखुऱ्यांत सुमारे २७ टक्के. म्हणजे डावखुऱ्यांतही बहुसंख्यांची भाषा डावीकडेच.

१४. माझ्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही, ती खुणांनी बोलते. तिच्या मेंदूत हा भाग रिकामा असतो का?

नाही, तिथं तेच काम चालतं. पेटिटो आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये अमेरिका आणि क्युबेकमधल्या जन्मतः कर्णबधिर लोकांना खूण दाखवून त्याला जुळणाऱ्या क्रियापदाची खूण करायला सांगितली. डाव्या कपाळाचा तोच खालचा भाग उजळला. आवाज नाही, ओठ नाहीत, तरी शब्द शोधण्याची जागा तीच. बहिणीची चाचणी खुणांच्या भाषेतच घ्यायला सांगा, दुभाषी नेता येतो.

१५. घरी सराव करून गेलो तर चालेल का?

तपासणीआधी नको. रेकल यांच्या गटाने १९९४ मध्ये नामावरून क्रियापद सांगायचं काम (प्रश्न ३) एकाच यादीवर १५ मिनिटांच्या आत पुन्हा पुन्हा करून घेतलं, तर डाव्या कपाळाचं काम कमी झालं आणि काम दुसऱ्या, पाठ झालेल्या गोष्टींच्या वाटेने जायला लागलं. तेव्हा पाठ करून गेलात तर चाचणी तुमचं पाठांतर मोजेल. उपचार म्हणून रोज नातवंडांबरोबर खेळायचं असेल तर जरूर खेळा, गट मात्र रोज बदला.

१६. स्कॅनमधल्या रंगीत डागांवर किती विश्वास ठेवावा?

डाग म्हणजे आकडेमोडीचं चित्र. मेंदूचे हजारो बारीक ठोकळे पाडून प्रत्येकाची वेगळी परीक्षा होते आणि एवढ्या परीक्षांत काही ठोकळे निव्वळ योगायोगाने पास होतात. २००९ मध्ये बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेलेला सॅमन मासा स्कॅनरमध्ये ठेवून त्याला माणसांची चित्रं दाखवली आणि दुरुस्ती न करता हिशोब केला, तर माशाच्या मेंदूतही डाग उजळले. योग्य दुरुस्ती केल्यावर ते गेले. प्रश्न ४ मधले निकाल मी मानते, कारण वेगवेगळ्या देशांत आणि वेगवेगळ्या यंत्रांवर तेच पुन्हा आले. एका माणसाच्या एका स्कॅनवरून 'याचं डोकं भाषेत हुशार' असं कुणी सांगत असेल तर त्यावर पैसे घालवू नका.

१७. मुलाला फिट येतात, ऑपरेशन ठरलंय. त्याआधी स्कॅनमध्ये शब्द का विचारतात?

सर्जनला भाषेच्या जागेपासून चाकू दूर ठेवायचा असतो. पूर्वी यासाठी वाडा चाचणी करत: मानेच्या रक्तवाहिनीतून औषध सोडून मेंदूची एक बाजू काही मिनिटं झोपवायची आणि बोलणं थांबतं का बघायचं. जुन वाडा यांनी ती १९४९ मध्ये मांडली. आता बऱ्याच वेळा शब्द शोधण्याच्या स्कॅनवरच काम भागतं. मुलगा दोन भाषा बोलत असेल तर डॉक्टरांना तसं सांगा आणि दोन्हींत चाचणी घ्यायची विनंती करा.

१८. पॅरालिसिसनंतर वडिलांची मराठी परत आली, इंग्रजी गेली. जागा एकच असेल तर असं कसं?

बहुतेकांत दोन्ही भाषा बरोबरीनेच सुधारतात, पण अशी उदाहरणं शंभराहून अधिक वर्षं नोंदवली जात आहेत. फ्रान्सचे डॉक्टर पीत्र यांनी १८९५ मध्येच लिहिलं होतं की आजारापूर्वी जी भाषा जास्त वापरात होती ती सहसा आधी परतते. जागा सामाईक असली तरी प्रत्येक भाषेपर्यंत पोचायचे कष्ट वेगळे असतात (प्रश्न ५), आणि दोन भाषांतली एक निवडून दुसरी थोपवणारी यंत्रणाही दुखावलेली असू शकते.

वडिलांशी सध्या मराठीत बोला. सकाळी चहा घेताना कपाकडे बोट दाखवा आणि थांबा. शब्द त्यांना शोधू द्या, तुम्ही लगेच पुरवू नका. दहापर्यंत मनात मोजा. नाहीच आला तर 'क...' एवढा पहिला आवाज द्या आणि पुन्हा थांबा. 'कप' निघाला की त्याच दिवशी दुपारी बशी घ्या.